परदेशी जाणाऱ्या ताज्या मासळीचा हिशेब

मासळी घेताना गृहिणी तीन गोष्टी पाहते. कल्ला उचलून आतला रंग लाल आहे की तपकिरी, डोळा फुगीर व स्वच्छ आहे की खोल गेलेला, आणि बोटाने दाबले असता मांस पुन्हा वर येते की खळगा तसाच राहतो. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांची असून ती बहुधा चुकत नाही. परंतु हाच मासा डोके, कल्ले, कातडे व काटा काढून, लांबट तांबूस तुकड्यांच्या रूपाने आठ हजार किलोमीटरांपलीकडच्या पॅरिस शहरी दुकानात मांडला गेला, तर तेथील गिऱ्हाइकाने काय उचलून पाहावे? त्याच्यापुढे कल्ला नाही, डोळा नाही. मासा कोणत्या समुद्रातला, कोणत्या दिवशीचा, कोणी व कशाने धरलेला, हे सांगणारी एकच वस्तू उरते. ती म्हणजे माशाबरोबर आलेले लिखाण. परदेशी ताजी मासळी पाठविणाऱ्याचा खरा धंदा बर्फ आणि विमान यांचा असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्याचा निम्मा वेळ या लिखाणापायी जातो, आणि तो तसा जावा हेच योग्य होय.

या धंद्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या श्रीलंकेत पाहावयास मिळते. कोकणात ज्यास कुपा म्हणतात त्याच कुळातील मोठे मासे, विशेषतः पिवळ्या पराचा ट्यूना, आणि त्यांच्या जोडीला तलवार मासा, हे लंकेचे मुख्य निर्यातीचे जिन्नस आहेत. ते किनाऱ्याजवळ मिळत नाहीत. त्यांसाठी पाच-सहा माणसांच्या नौका दोन-दोन, चार-चार आठवडे खोल समुद्रात राहतात, लांबच लांब दोरीला शेकडो गळ लावून ती पाण्यात सोडतात, आणि जे लागेल ते तळघरातील बर्फात रचतात. नेगोंबो, बेरुवला, दिक्कोविट अशा बंदरांत माल उतरला की तो कारखान्यात येतो, कापला जातो, आणि नेगोंबोला लागूनच असलेल्या कटुनायके येथील विमानतळावरून युरोप, जपान व अमेरिका यांकडे रवाना होतो.

येथे ‘ताजी’ या शब्दाचा व्यापारी अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ताजी म्हणजे गोठविलेली नव्हे. वितळत्या बर्फाच्या, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास राखलेली. गोठविलेला माल शीतगृहात महिनोन्‌महिने ठेवता येतो. एखादा कागद कमी पडला तर तो मिळेपर्यंत माल थांबवून धरता येतो. ताज्या मालाच्या व्यापाऱ्यास ही सवड नाही. त्याचा मासा दर तासाला उतरणीस लागलेला असतो. यास्तव त्याचे कागद माशाच्या मागून येऊन भागत नाही. ते माशाच्या बरोबरीने, शक्य तर दोन पावले पुढे असावे लागतात.

हे न साधल्यास काय होते, याचा अनुभव लंकेस फार कडू रीतीने आला. युरोपीय संघाने २००८ साली एक कायदा केला व तो २०१० च्या जानेवारीपासून अमलात आणला. बेकायदा, न नोंदलेली व अनिर्बंध मासेमारी यांतून आलेला एकही मासा आपल्या बाजारात येऊ द्यावयाचा नाही, असा त्याचा हेतू. त्यासाठी समुद्रात धरलेल्या माशांच्या प्रत्येक खेपेबरोबर पकडीचा दाखला मागण्यात येऊ लागला. आणि तो दाखला व्यापाऱ्याने स्वतः लिहून भागत नाही, नौका ज्या देशाची त्या देशाच्या सरकारने तो तपासून प्रमाणित करावा लागतो. २०१२ च्या नोव्हेंबरात संघाने लंकेसह आठ देशांना ताकीद दिली. तीस पिवळे पत्र म्हणतात. पुढे दोन वर्षांनी, २०१४ च्या ऑक्टोबरात, तांबडे पत्र निघाले आणि २०१५ च्या जानेवारीपासून लंकेच्या नौकांनी धरलेली मासळी युरोपात येण्यास बंदी झाली. ताजा ट्यूना व ताजा तलवार मासा युरोपास पुरविणाऱ्यांत लंका त्या वेळी सर्वांत पुढे होती. २०१३ सालचा तो व्यापार सुमारे ७ कोटी ४० लक्ष युरोंचा होता.

लंकेचा मासा नासका किंवा विषारी आहे, असे या वेळी कोणी म्हटले नव्हते. आक्षेप होता तो असा की, खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांवर सरकारची देखरेख पुरेशी नाही, नियम मोडणाऱ्यास जरब बसेल अशी शिक्षा नाही, आणि हिंदी महासागरातील राष्ट्रांनी मिळून ठरविलेले नियम नीट पाळले जात नाहीत. सारांश, मासा चांगला. पण तो कोठून आला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्या कारखानदारांचे काम चोख होते त्यांनाही हा फटका बसला, कारण बंदी देशावर होती, अमुक एका पेढीवर नव्हती. शेजाऱ्याच्या कोऱ्या वहीपायी आपला माल अडावा ही गोष्ट अन्यायाची वाटते खरी. परंतु दाखल्यावरचा शिक्का सरकारचा असतो; त्या शिक्क्यावरचा विश्वास उडाला की त्याखालचे सगळेच दाखले सारख्या मोलाचे होतात. त्यानंतर सुमारे दीड हजार नौकांवर उपग्रहाच्या साह्याने ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बसविण्यात आली, नौकेवर रोजवही ठेवण्याची सक्ती कडक झाली, कायद्यात दंड वाढले, आणि २०१६ साली बंदी उठली.

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे ती नौकेवरची रोजवही. तिच्यात तांडेलाने काय लिहावयाचे? तारीख, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, किती गळ सोडले, कोणत्या जातीचे किती मासे लागले, त्यांचे अदमासे वजन, आणि कोणते मासे परत पाण्यात टाकले. कोलंबोच्या कचेरीत बसून ही यादी सोपी वाटते. पण दोरी ओढण्याचे काम पुष्कळदा रात्रभर चालते. हात खारट पाण्याने चिरलेले, नौका हेलकावत असलेली, आणि चाळीस किलोचा जिवंत मासा फळीवर आपटत असलेला. अशा वेळी पेन्सिल हाती धरण्याचे कोणाच्या मनात येणार? मग बंदर जवळ आले की एका बैठकीत वीस दिवसांची वही भरून काढण्याचा मोह होतो. अशी वही जाणत्या माणसास तत्काळ ओळखू येते. सर्व पाने एकाच शाईत, एकाच हाताच्या वळणात. आणि आकडे पाहावे तर दहा, पंधरा, वीस, पंचवीस. समुद्र माणसाला पाच-पाचच्या पटीत मासे देत नाही. शिवाय उपग्रहयंत्राने नोंदलेली जागा आणि वहीतली जागा शेजारी शेजारी ठेवली की स्मरणातून लिहिलेले उघडे पडते.

वहीतील सर्वांत उपेक्षित नोंद ज्या दिवशी काहीच लागले नाही त्या दिवसाची असते. तांडेलास वाटते, मासा नाही तर लिहावयाचे काय? व्यापाऱ्यासही त्या ओळीचा काही उपयोग नाही. पण समुद्रात मासे किती उरले आहेत हे पाहू इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञास तीच ओळ मोलाची. कारण तो नुसती पकड मोजत नाही. हजार गळांमागे किती मासे लागले हे प्रमाण मोजतो. रिकामे दिवस गाळले तर हे प्रमाण फुगते आणि समुद्र आहे त्याहून भरलेला दिसतो. साठा राखून धंदा करतो असे म्हणविणाऱ्या निर्यातदाराने आपल्या तांडेलाच्या वहीत रिकामे दिवस आहेत की नाहीत हे आधी पाहावे. चकचकीत जाहिरातपत्रापेक्षा त्यावरून त्याचा खरेपणा अधिक कळेल.

माल धक्क्यावर उतरला की दुसरा अंक सुरू होतो. एकाच नौकेच्या पोटात पहिल्या दिवशीचा आणि विसाव्या दिवशीचा मासा शेजारी शेजारी असतो, आणि पहिल्या दिवशीचा तळाशी गेलेला असतो. हे दोघे एका वयाचे नव्हेत. ‘अमुक नौकेचा माल’ एवढेच लिहिले तर वीस दिवसांचा फरक त्या दोन शब्दांत गडप होतो. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक मोठ्या माशास स्वतंत्र क्रमांक देतात. शेपटीला चिठ्ठी बांधतात. तीवर नौका, उतरल्याची तारीख, वजन ही असतात. मग एक बारीक पोकळ नळी मांसात खुपसून काडीएवढा नमुना बाहेर काढतात आणि त्याच्या रंगावरून व चरबीवरून प्रत ठरवितात. लालभडक व पारदर्शक तो पहिला, फिकट किंवा तपकिरी पडलेला तो खालचा. ट्यूना हा इतर माशांपेक्षा गरम रक्ताचा. गळाला लागल्यावर फार वेळ झुंजला तर त्याचे मांस जणू आतल्या आत भाजून निघते. नळीतील त्या काडीवर ही सर्व हकीकत उमटलेली असते. ती वाचणारा माणूस दिवसभरात शेकडो मासे पाहतो. त्याचा निवाडा लगेच त्या क्रमांकापुढे चढला नाही तर संध्याकाळी त्यालाही आठवत नाही.

उष्णतामानाची नोंद याहून महत्त्वाची. ट्यूनाच्या मांसात असा एक घटक असतो की, मासा गरम राहिल्यास जंतूंच्या योगे त्याचे हिस्टामीन नावाच्या द्रव्यात रूपांतर होते. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर पित्त उठल्यासारखे होते. विशेष हे की, एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजविल्याने जात नाही, आणि त्याला वास येईलच असे नाही. गृहिणीच्या तिन्ही परीक्षा येथे थिट्या पडतात. युरोपातील नियम असा आहे की, एका खेपेतून नऊ नमुने घ्यावे. त्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, दोहोंपेक्षा अधिक नमुने १०० च्या वर जाऊ नयेत, आणि २०० च्या वर तर एकही जाऊ नये. नऊ नमुन्यांनी सर्व खेप पारखली जात नाही हे उघड आहे. उरलेल्या माशांची हमी कोण देतो? मासा पाण्याबाहेर आल्यापासून कितव्या तासाला बर्फात गेला व कितीवर राहिला, ती नोंद. एका माशात दोष निघालाच तर क्रमांकावरून त्याच नौकेचे, त्याच दिवशीचे सोबती तेवढे बाजूला काढता येतात. क्रमांक नसेल तर सर्व माल फेकावा लागतो.

आता कापणीघर. वजनाचा मेळ बसविणे हे काम येथे सर्वांत कठीण, आणि लबाडीस वावही येथेच अधिक. समजा, एका नौकेने कल्ले व आतडी काढलेले दहा ट्यूना उतरविले. वजन ४०० किलो. डोके, काटा, कातडे व काळपट मांस काढून त्यांतून निर्यातीचे तुकडे समजा शेकडा ५५ या मानाने निघाले, म्हणजे २२० किलो. त्यांपैकी १५० किलो सोमवारी एका गिऱ्हाइकास गेले, ७० किलो मंगळवारी दुसऱ्यास. हिशेब मिटला. परंतु महिन्याअखेर वही पाहता याच नौकेच्या नावावर २९० किलो माल परदेशी गेलेला दिसला, तर वरचे ७० किलो कोठून आले? माशाचे मांस कारखान्यात वाढत नाही. ज्यास दाखला नाही अशा कोणा नौकेचा मासा दाखला असलेल्याच्या अंगरख्यात शिरला, हाच त्याचा अर्थ. उलट १६० किलोच गेले असतील तर उरलेले ६० स्थानिक बाजारात विकले की खराब म्हणून टाकले, हे कोठेतरी लिहिलेले हवे. नाहीतर उद्या तेच ६० किलो कागदावर शिल्लक राहून दुसऱ्याच माशाचे पांघरूण होतात. युरोपातील तपासनीस हीच बेरीज-वजाबाकी प्रथम मांडतो. त्यास शास्त्र लागत नाही, चौथीतील गणित पुरते.

या गणितात चुका होतात त्या बहुधा दोन साध्या कारणांनी. एक, वजन कशाचे याचा उल्लेख नसतो. तांडेल अख्ख्या माशाचे वजन लिहितो, धक्क्यावरचा कारकून आतडी काढलेल्या माशाचे, कारखाना तुकड्यांचे. तिघांच्या वहीत शब्द एकच, ‘वजन’. दुसरे, नावांचा घोटाळा. सिंहली कोळी पिवळ्या पराच्या ट्यूनास केलवल्ला म्हणतो, लहान पट्टेरी ट्यूनास बलया म्हणतो. इंग्रज व्यापारी आणखी काही म्हणतो. मोठ्या डोळ्यांचा ट्यूना लहानपणी पिवळ्या पराच्या पिलासारखाच दिसतो आणि जाणत्यासही चकवितो. म्हणून जागतिक अन्न व शेती संघटनेने प्रत्येक जातीस तीन रोमन अक्षरांची खूण ठरविली आहे: पिवळ्या पराचा तो वाय-एफ-टी, मोठ्या डोळ्यांचा बी-ई-टी, तलवार मासा एस-डब्ल्यू-ओ. समुद्रांनाही अंक आहेत. पश्चिम हिंदी महासागर ५१, पूर्व हिंदी महासागर ५७. ही अक्षरे रुक्ष खरी, पण ती नौकेपासून पॅरिसपर्यंत एकच राहतात, आणि भाषांतरात गळत नाहीत.

विमानाचा दिवस हा निर्यातदाराच्या परीक्षेचा दिवस. आरोग्याचा दाखला, पकडीचा दाखला, बीजक, पेट्यांची यादी, विमानाची पावती, या सर्वांवर नौकेचे नाव, जात, वजन व पेट्यांची संख्या तंतोतंत एक हवी. २००९ च्या युरोपीय नियमांनी विमानाने येणाऱ्या मालाचा पकडीचा दाखला माल पोहोचण्यापूर्वी चार तास सादर करण्याची मुदत दिली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालास हीच मुदत कामाचे तीन दिवस आहे. विमानाच्या मालास सवलत दिली असे वाटते, पण चार तासांत चूक दुरुस्त कोण करणार? कोलंबोत त्या वेळी मध्यरात्र असू शकते. एका यादीत ४८ पेट्या व दुसरीत ४७ असल्या, तर तो एक आकडा सुधारेपर्यंत उरलेला सर्व मासा विमानतळावर बसून राहतो. ज्या पेढीत हे आकडे पाच कारकून पाच वेळा पाच वह्यांत उतरवितात, तेथे असा दिवस आज ना उद्या येतोच. धक्क्यावर काट्याने दाखविलेला आकडा एकदाच नोंदावा आणि पुढचे सर्व कागद त्याच नोंदीतून निघावे, ही युक्ती संगणकाने सुलभ केली. परंतु काट्यापाशी उभा असलेला माणूस आकडा खरा लिहितो की नाही, हे संगणक पाहू शकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लिहिण्याचा त्रास तांडेलास, आणि लिखाणाचा नफा निर्यातदारास, अशी आजची वाटणी आहे. तांडेलास मासे मिळण्याची जागा ही आपली खाजगी ठेव वाटते. ती वहीत लिहून दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, यात त्याला तोटाच दिसतो. खाडाखोड नसलेल्या व रोजच्या रोज लिहिलेल्या वहीच्या मालास धक्क्यावर किलोमागे काही अधिक दर मिळाला तर वही आपोआप सुधारेल. नुसत्या दंडाच्या धाकाने कोरी पाने भरतील, खरी होतील असे नाही. ज्या निर्यातदारास गिऱ्हाइकाकडून ‘साठा राखून धरलेला मासा’ म्हणून चढा भाव मिळतो, त्याने त्यातला वाटा नौकेपर्यंत पोहोचू नये हे कोणत्या न्यायाने?

या वह्यांतील आकडे एकत्र होऊन सेशेल्स बेटांतील व्हिक्टोरिया येथे असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाकडे जातात. २०१५ साली आयोगाच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या पराच्या ट्यूनाचा साठा प्रमाणाबाहेर उपसला गेल्याचा निष्कर्ष काढला, व २०१६ पासून पकड कमी करण्याचे नियम झाले. २०२४ च्या परीक्षणात मात्र साठा तसा उपसलेला नाही असे दिसून आले. दहा वर्षांच्या आत असा पालट कसा झाला? त्यात मासे किती वाढले आणि मोजण्याची रीत किती सुधारली, हा तज्ज्ञांच्या वादाचा विषय आहे. गळांची संख्या व रिकामे दिवस जितके खरे लिहिले जातील, तितका तो वाद लवकर मिटेल.

२०२६ च्या जानेवारीपासून युरोपात हे दाखले ‘कॅच’ नावाच्या सामायिक संगणकी दप्तरात नोंदणे आयात करणाऱ्यांस सक्तीचे झाले आहे. पूर्वी एकच दाखला दोन बंदरांत दोनदा दाखवून दुप्पट माल खपविण्यास कागदी पद्धतीत वाव होता. एकाच दप्तरात तसे करणे अवघड जाईल.

हाच दाखला भारतातून युरोपास जाणाऱ्या समुद्री मासळीसही लागतो. तो १९७२ साली स्थापन झालेल्या व कोची येथे मुख्य कचेरी असलेल्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडून मिळतो. कोकणातील पुष्कळ होड्या लहान आहेत, आणि लहान होड्यांसाठी युरोपीय कायद्यात सोपा नमुना ठेवलेला आहे: ओढजाळे नसलेली बारा मीटरांखालील होडी, ओढजाळ्याची आठ मीटरांखालील, अथवा वीस टनांखालील. या नमुन्यावर तांडेलाची सही लागत नाही. अनेक होड्यांची यादी जोडून निर्यातदार स्वतः सही करतो. म्हणजे कोणत्या होडीने कोणत्या दिवशी किती मासळी दिली हे पहाटेच्या लिलावाच्या गर्दीतच टिपून घेण्याचे काम सर्वस्वी त्याच्या माणसावर येऊन पडते.